बासष्ट विहिरी, तीन कोरे महिने

लासुर्ण्याच्या कौसल्याबाईंना नावानं ओळखणारी माणसं थोडी. पण ‘टेपवाल्या काकू’ म्हटलं की सुप्याच्या माळापासून नरसिंहपूरच्या संगमापर्यंत कुणीही सांगेल, ‘व्हय, त्या म्हैन्याच्या म्हैन्याला येत्यात. विहिरीत टेप सोडत्यात, वहीत लिवत्यात आन् च्या न घेताच जात्यात.’ चहा न घेण्याचं कारण साधं होतं. एका दिवसात आठ विहिरी, आणि प्रत्येक काठावर चहा घेतला तर माणूस संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही.

हे काम त्यांच्याकडे आलं ते २०१२ साली. पुण्याच्या एका संस्थेला जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायचा होता. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या बासष्ट विहिरी त्यांनी निवडल्या होत्या आणि दर महिन्याला त्याच विहिरींवर जाऊन पाणी किती खोल आहे ते मोजणारा माणूस हवा होता. ग्रामपंचायतीत बैठक बसली. सरपंचांनी दोन-तीन तरण्या पोरांची नावं सांगितली. कौसल्याबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या, पोषण आहाराचा कागद द्यायला तिथं आल्या होत्या. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “मी जाते की. मला गाडी येती.”

घरी नवऱ्याला, रामहरीला, सांगितलं तेव्हा तो हसला. “बासष्ट विहिरी? अगं, आपल्या घरातली एक चावी तुला सापडत न्हाय.” पण दुसऱ्या दिवशी त्यानंच स्कूटीची चाकं तपासून आणली.

काम सोपं होतं आणि नव्हतंही. प्रत्येक विहिरीच्या काठावर लाल रंगाची एक खूण केलेली होती. त्या खुणेवरून टेप खाली सोडायचा. टोकाचं वजन पाण्याला टेकलं की हातातली डबी पीं करून वाजायची. मग खुणेपाशी टेपवरचा आकडा वाचायचा, मीटर आणि सेंटिमीटरमध्ये. पुन्हा एकदा सोडायचा, पुन्हा वाचायचा, दोन्ही जुळले की वहीत लिहायचं. वहीत पाच रकाने होते: विहिरीचा नंबर, तारीख, वेळ, खोली आणि शेवटचा शेरा. या शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून दिसेल ते त्या लिहीत. ‘मोटार चालू होती.’ ‘पाटाला पाणी सुटलंय.’ ‘वरून पाइप पडतोय.’ ‘पाणी मचूळ लागतं म्हणतात.’ वर्ष संपलं की वही पुण्याला जायची, तिथं कुणीतरी आकडे कॉम्प्युटरवर चढवायचं आणि वही परत यायची. शेरे मात्र कुणी चढवत नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये त्यांच्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

अशा तेरा वह्या झाल्या. नऊ हजारांवर आकडे झाले. त्यांचं पुढं काय होतं, हे कौसल्याबाईंना कधी कळलं नाही आणि त्यांनी कधी विचारलंही नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टात पुण्याहून स्वरूपा आली. तिशीच्या आतली, डॉक्टरेटचं काम करणारी, पाठीवर मोठी पिशवी. कौसल्याबाईंच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडात तिनं टेबलावर एक मोठा टॅब उभा केला आणि म्हणाली, “काकू, तुमचे तेरा वर्षांचे आकडे तुम्हाला दाखवायला आणलेत.”

कौसल्याबाईंनी पदराला हात पुसले आणि खुर्ची पुढं ओढली.

पडद्याच्या डाव्या अंगाला दोन्ही तालुक्यांचा नकाशा होता आणि त्यावर बासष्ट ठिपके. उजव्या अंगाला ठिपकेच ठिपके, तिळाची परडी सांडावी तसे. तेरा वर्षांतला प्रत्येक आकडा म्हणजे एक ठिपका. पाणी जितकं खोल तितका ठिपका खाली. आणि सगळ्यांच्या तळाशी एक रेघ, सगळ्या विहिरींची मिळून. ती रेघ डावीकडून उजवीकडे हळूहळू वर चढत होती.

“ठिपक्यावर बोट ठेवा,” स्वरूपा म्हणाली.

कौसल्याबाईंनी ठेवलं. बाजूला अक्षरं उमटली: विहीर क्रमांक सतरा, मार्च २०१५, नऊ मीटर चाळीस. त्यांना हसू फुटलं. “ही निमगावच्या रस्त्याची. त्या दिवशी काठावर आग्यामोहोळ उठलं हुतं. मी टेप टाकून पळाले हुते.”

“आता असा घेर टाका.” स्वरूपानं बोटानं काही ठिपक्यांभोवती गोल काढला. आतले ठिपके केशरी झाले आणि त्याच क्षणी नकाशावरच्या त्यांच्या विहिरीही केशरी झाल्या. “इकडं निवडलं की तिकडं दिसतं. आणि हे बटण दाबलं की निवडलेले ठिपके बाजूला जातात आणि खालची रेघ उरलेल्यांची नव्यानं निघते.”

“हे कशाला?”

“आकडे गणितात घातले की उत्तर मिळतं, काकू. मला ते मिळालंय. इंदापूरच्या बाजूला जमिनीखालचं पाणी वाढतंय, वर्षाला साधारण वीतभर. गणित पक्कं आहे, तीनदा तपासलंय. पण ते उत्तर का आलं, ते नुसत्या गणितातून दिसत नाही. तिथं हातानं चाचपायला लागतं. आणि ह्या विहिरी पाहिलेलं माणूस तुम्ही एकट्याच आहात.”

‘पाणी वाढतंय’ हे ऐकून कौसल्याबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी त्या चढत्या रेघेकडं पाहिलं, मग नकाशाकडं. एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

“ही चौतीस नंबर. कुंडलिकआबांची, लोणी देवकरच्या अलीकडं. हिला एप्रिलात बी पाणी असतंय.”

“हो ना. अशा बऱ्याच आहेत. तिथं झिरपण चांगलं असावं.”

“झिरपण कसलं? आबांनी उजनी धरणाच्या फुगवट्यावरनं पाइपलाइन आणलीया. पाणी वरनं विहिरीत सोडत्यात आन् मग मोटार लावून उसाला देत्यात. विहीर म्हंजे त्यांची टाकी.”

कौसल्याबाईंचं बोट फिरत राहिलं. “ही एकोणचाळीस, तशीच. पंचेचाळीस, तशीच, पण हिची पाइपलाइन उशिरा आली, मागच्या निवडणुकीच्या साली. ही बावन्न नीरा नदीवरनं घेती.” एकेक करत चौदा विहिरी केशरी झाल्या.

“तुम्हाला हे आठवतंय?”

“आठवायचं कशाला? लिवलंय की.” त्या आत गेल्या आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. शेऱ्याच्या रकान्यात जागोजागी तेच होतं: ‘वरून पाइप पडतोय.’

स्वरूपानं चार पानं उलटली आणि वही मांडीवर तशीच ठेवून तिनं बटण दाबलं. चौदा विहिरी बाजूला झाल्या. खालची रेघ थरथरल्यासारखी हलली आणि नव्यानं निघाली. ती वर चढत नव्हती. तेरा वर्षांत वर्षाला चार बोटं, अशी ती खाली उतरत होती.

स्वरूपा म्हणाली, “म्हणजे पाणी वाढत नाहीये.”

“वाढत न्हाय. दुसरीकडनं येतंय.”

त्या दिवशी स्वरूपानं जेवायला नाही म्हटलं नाही. भाकरी खाता खाताही तिची एक नजर पडद्यावर होती. तिचं दोन वर्षांचं काम उलटं झालं होतं आणि तरी ती खूश दिसत होती. कौसल्याबाईंनाही बरं वाटत होतं. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचलं, याचं.

जेवण झाल्यावर स्वरूपानं दुसरं एक चित्र उघडलं. “हे बघा, प्रत्येक विहिरीचं पाणी आदल्या महिन्यापेक्षा किती वर-खाली झालं ते. इथं खूप गोंधळ असतो, प्रत्येक विहीर वेगळी वागते. पण हे तीन महिने बघा किती सुरेख आलेत.”

२०१८ सालचे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. बाकी सगळीकडं ठिपके विखुरलेले, आणि या तीन महिन्यांत मात्र पाभरीनं पेरल्यासारखे एका ओळीत.

कौसल्याबाईंनी खुर्ची थोडी मागं सरकवली.

“फक्त हे चार ठिपके चुकलेले दिसतात.” त्या सरळ ओळीच्या बरेच खाली चार ठिपके लोंबत होते, तिन्ही महिन्यांत तेच चार. कॉम्प्युटरनं ते आपणहून लाल केले होते. “बाकी अठ्ठावन्न विहिरी एक सांगतात आणि ह्या चार दुसरंच. वाचताना चूक झाली असेल. वगळू ना?”

“नको,” कौसल्याबाई पटकन म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या ते.”

“का?”

“ऱ्हाऊ द्या.”

स्वरूपानं त्यांच्याकडं पाहिलं आणि मग पुढच्या महिन्याकडं बोट नेलं. “आणि मग जानेवारीत सगळं पाणी एकदम कोसळलंय. काय झालं होतं हो तेव्हा?”

“दुष्काळ हुता,” कौसल्याबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. तरी ते बोलताना त्यांची नजर टेबलाच्या कडेवरून वर आली नाही.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी रामहरीला अपघात झाला होता. लोणी देवकरच्या कारखान्यातली पाळी संपवून तो दुचाकीवरून घरी येत होता. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, त्यात जखम चिघळली. बारामतीच्या दवाखान्यात दोन शस्त्रक्रिया झाल्या. घरी आणल्यावरही त्याला कुशीवर वळवायला माणूस लागे. सासू-सासरे आधीच गेलेले, लेक सोनम दहावीला. तीन महिने कौसल्याबाई घर आणि दवाखाना यांच्यातच फिरत राहिल्या.

वही मात्र भरायला हवी होती. संस्थेला कळवावं असं मनात दोनदा आलं. पण हे काम दुसऱ्या कुणाला दिलं तर ते परत आपल्याकडं येणार नाही, ही धास्ती होती. तोवर ते काम नुसतं काम राहिलं नव्हतं. या बाईला लोक विहिरीवर बोलावून पाण्याचं विचारत होते. मग दवाखान्यातल्या बाकावर बसून त्यांनी आधीच्या वर्षांच्या वह्या काढल्या. ऑक्टोबरात पाणी साधारण किती उतरतं, नोव्हेंबरात किती, ते पाहिलं आणि प्रत्येक विहिरीला तेवढा उतार लावून आकडे लिहिले. फक्त लासुर्ण्यातल्या चार विहिरी त्यांनी चालत जाऊन खऱ्या मोजल्या. त्या चारही नेहमीपेक्षा फार खाली गेल्या होत्या. त्या वर्षी परतीचा पाऊस झालाच नव्हता. कौसल्याबाईंना ते दिसलं होतं. पण बाकीच्या अठ्ठावन्न विहिरींचे आकडे बदलायचे तर किती बदलायचे, हे त्यांना तरी कुठं माहीत होतं? त्यांनी तसेच राहू दिले.

आणि आता कॉम्प्युटरनं नेमके त्याच चार विहिरींचे खरे आकडे चुकीचे ठरवले होते. खोट्यांची संख्या जास्त होती, म्हणून.

स्वरूपा गेली. त्यानंतर आठ-दहा दिवस कौसल्याबाई रोज २०१८ ची वही काढून बसत. रामहरीनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. तो काठी टेकत पायरीवर येऊन बसला. पाय आता थोडा आखूड राहिला होता.

“सात वर्सं झाली,” तो म्हणाला. “ती पोरगी तर म्हनली सुरेख हाय. मग तू कशाला उकरती?”

“सुरेख हाय म्हनली, त्येच टोचतंय.”

“माझ्यामुळं झालं त्ये.”

“तुमच्यामुळं न्हाय. लिवलं मी.”

पुढच्या फेरीला त्या सुप्याकडं निघाल्या. तिथला माळ कोरडवाहू. जवळच्या अभयारण्याच्या कुंपणाच्या अलीकडं कुशाबाईंची चार एकर जमीन आहे. सत्तरीची बाई, एकटी शेती करते. कुशाबाईंच्या विहिरीचं एक गणित होतं आणि ते कौसल्याबाईंनीच त्यांना सांगितलं होतं: वरच्या अंगाच्या दोन विहिरी आठ मीटरच्या खाली गेल्या की तीन आठवड्यांत तुमची आटते. दर साली दिवाळीच्या सुमाराला कुशाबाई विचारायच्या, “वरच्या विहिरींला किती हाय गं?” आणि त्यावर कांदा लावायचा की ज्वारीवर भागवायचं ते ठरवायच्या.

२०१८ च्या नोव्हेंबरातही त्यांनी फोन केला होता. कौसल्याबाई दवाखान्यात होत्या. त्यांनी वही उघडून आपणच लिहिलेला आकडा वाचून दाखवला. “गेल्या सालासारखंच हाय, मावशी.” कुशाबाईंनी कांदा लावला. फेब्रुवारीत विहीर आटली आणि कांदा वाफ्यात वाळला. कुशाबाईंनी कधी एक शब्द काढला नाही. पाऊसच नव्हता, असंच सगळे म्हणत होते.

विहीर मोजून झाली. कौसल्याबाईंनी टेप गुंडाळला आणि बांधावर कुशाबाईंच्या शेजारी बसल्या. आज त्यांनी चहालाही हो म्हटलं. अर्धा कप झाल्यावर म्हणाल्या, “मावशी, त्या साली मी तुमाला वरच्या विहिरींचं सांगितलं हुतं, त्ये मोजलेलं न्हवतं. मनानंच लिवलेलं हुतं.”

कुशाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“मला ठावं हाय.”

“ठावं हाय?”

“तुझी गाडी ह्या दारावरनंच वर जाती. तीन म्हैनं आवाज न्हाय. म्या फोन केला तवा म्हनलं, आली नसंल, पर कुनाकडनं तरी इचारून सांगत आसंल.” त्यांनी दाणे सुपात टाकले. “कांदा वाळला तवा कळलं, कुनाकडनंच न्हाय.”

“मग इतकी वर्सं बोलला का न्हाईत?”

“काय बोलायचं? तुझा दाल्ला दवाखान्यात पडलेला.” कुशाबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. “राग आला हुता. न्हाय आसं न्हाय. दोन म्हैनं तू आली की मी घरात जाऊन बसायची. तुला वाटलं आसंल, म्हातारी झोपली.”

कौसल्याबाईंना ते आठवलं. खरंच तसंच वाटलं होतं.

“माझा कांदा गेला, त्यो गेला,” कुशाबाई म्हणाल्या. “पर त्ये तुझ्या कागदावर अजून तसंच हाय न्हवं? त्या पोरीला सांग. ती त्याच्यावर कायतरी पेरत आसंल.”

चार दिवसांनी कौसल्याबाई बारामतीला गेल्या. संस्थेनं तिथं भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांत स्वरूपा काम करत होती. भिंतीवर मोठा पडदा लावलेला, त्यावर तेच ठिपके. कौसल्याबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. अपघात, दवाखान्यातला बाक, जुन्या वह्या. कुठंही आवाज चढवला नाही, कुठं रडल्या नाहीत.

स्वरूपाचा चेहरा उतरत गेला. “काकू, जानेवारीत पाणी एकदम कोसळलं, यावर माझं एक अख्खं प्रकरण उभं आहे. मी त्याची कारणं शोधत बसले होते. खडकातल्या भेगा, उपसा, काय काय. सहा महिने.”

“व्हय.”

“त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, दुष्काळ.”

“व्हय. त्ये बी सांगायला आले.”

स्वरूपा उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. तिनं पडद्यावर त्या तीन महिन्यांभोवती घेर टाकला. एकशे शहाऐंशी ठिपके केशरी झाले. बोट बटणावर नेलं आणि थांबली.

“सगळेच?”

“न्हाय. ह्ये चार खरं हायेत.” कौसल्याबाई पुढं झाल्या आणि त्या लोंबणाऱ्या लाल ठिपक्यांवर त्यांनी एकामागून एक बोट ठेवलं. “लासुर्ण्याचे. चालत जाऊन मोजल्याले. तिन्ही म्हैने.”

स्वरूपा त्या ठिपक्यांकडं बघत राहिली. मग खुर्चीत बसली आणि तिला हसू आलं, पण ते सुखाचं हसू नव्हतं. “आणि मी वगळायला निघाले होते तेच.” तिनं चारही विहिरींचे बारा ठिपके सोडवून घेतले आणि बाकीचे एकशे चौऱ्याहत्तर पुसले. रेघेत एक खिंडार पडलं. त्या खिंडाराच्या दोन बाजू मात्र आता नीट जुळत होत्या. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत पाणी कोसळलं नव्हतं, भराभर उतरत गेलं होतं, आणि त्या चार विहिरींचे ठिपके बरोबर त्या उतारावर बसत होते.

“हे मला संस्थेला कळवावं लागेल,” स्वरूपा म्हणाली.

“कळवा.”

“काम जाऊ शकतं तुमचं.”

“ठावं हाय.”

काम गेलं, दोन महिन्यांसाठी. संस्थेच्या संचालकांनी पत्र पाठवलं, चार ओळींचं. सगळ्या वह्या तपासायला नेल्या. मधल्या काळात दुसरी माणसं येऊन बासष्ट विहिरी मोजून गेली. कौसल्याबाई त्या दोन महिन्यांत घरी बसल्या. अंगणवाडीतून आल्यावर दुपार सरता सरेना. विहिरींच्या मालकांचे फोन यायचे, “काकू, ह्या म्हैन्याला दुसरंच कोन आलं? आजारी हाय का?” सुरुवातीला त्या ‘व्हय’ म्हणून फोन ठेवायच्या. पुढं पुढं खरं सांगू लागल्या. कुणी चुकचुकलं, कुणी म्हणालं ‘चालतंय, सरकारी कामात काय काय चालतं’, आणि त्यांना ते दुसरंच जास्त लागलं. हे सरकारी काम नव्हतं, आणि चालतही नव्हतं.

कुंडलिकआबांचा फोन आला तो वेगळ्याच कारणानं. सारं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “कौसल्याबाई, तुमच्या वहीत माझी पाइपलाइन कोन्त्या सालची लिवलीया?”

“दोन हजार सोळा.”

“चौदाची हाय. पहिली दोन वर्सं मी झाकून ठिवली हुती. परवानगी न्हवती. आता हाय. तेवढं नीट करून घ्या.”

तपासणीत ते तीन महिने सोडले तर बाकी सगळं स्वच्छ निघालं. मग संस्थेनं त्यांच्याकडून वीस विहिरी मोजून घेतल्या आणि त्याच दिवशी न सांगता दुसऱ्या माणसांकडून त्याच पुन्हा मोजून पाहिल्या. बोटभराच्या वर फरक कुठंच नव्हता. काम परत मिळालं, पण दर वेळी टेपचा आणि खुणेचा फोटो काढून पाठवायचा, या अटीवर. पहिल्या दिवशी फोटो काढताना त्यांना अपमान वाटला. नंतर सवय झाली. तरी ‘ह्यो फोटो कशाला?’ असं कुणी विचारलं की त्या क्षणभर थांबतात आणि मगच उत्तर देतात.

स्वरूपाचा प्रबंध वर्षभर लांबला. त्यात त्या तीन महिन्यांच्या जागी रेघ नाही, कोरी जागा आहे. तिथं काय लिहायचं ते तिनं फोनवर वाचून दाखवलं होतं: ‘क्षेत्रीय अडचणींमुळे नोंदी उपलब्ध नाहीत.’ कौसल्याबाई म्हणाल्या, “आसं नका लिवू. अडचण माझी हुती, विहिरीची न्हवती. ‘मोजणारी गेली नाही’ आसं लिवा.” तसंच छापलं आहे.

जाताना स्वरूपा तो टॅब त्यांच्याकडं ठेवून गेली आणि शेऱ्यांसाठी एक रकाना करून दिला. थंडीच्या दिवसांत दुपारच्या वेळी कौसल्याबाईंनी तेरा वह्यांतले सगळे शेरे एका बोटानं चढवले. सोनम सुट्टीला आली की चुका दुरुस्त करायची. सगळं भरून झाल्यावर एक दिवस सहज त्यांनी ‘मचूळ’ हा शब्द घालून पाहिला. नकाशावर ठिपके केशरी झाले. कालव्याच्या खालच्या अंगाला, सखल रानात, एकापाशी एक. २०१३ साली तीन होते. त्यांनी वर्ष पुढं सरकवलं. सोळाला सात, वीसला बारा. शेवटच्या वहीत एकवीस.

त्यांनी तीनदा मागं-पुढं करून पाहिलं. मग रामहरीला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, “लोक सांगत्यात त्ये तू लिवलं. चवीचं काय खरं? एकाला मचूळ, दुसऱ्याला गोड.”

“व्हय, त्येच की,” त्या म्हणाल्या आणि स्वरूपाला फोन लावला. “ताई, पाण्यातला खार मोजायचं यंत्र असतंय का? ह्ये मला दिसतंय त्ये खरं हाय का न्हाय, त्ये बघायचंय. खोटं निघालं तर खोटं म्हनून लिवू.”

यंत्र पुढच्या आठवड्यात कुरियरनं आलं, तळहाताएवढं. सोमवारी सकाळी कौसल्याबाई ते घेऊन निघाल्या. पहिल्या विहिरीवर त्यांनी बादली ओढली, यंत्राचं टोक पाण्यात बुडवलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत काठावर उकिडव्या बसून राहिल्या.